भूपाल मगदूमचं ‘खरं’

कोल्हापुरात ‘पण’ हा शब्द फारसा कुणी वापरत नाही. त्याच्या जागी ‘खरं’ म्हणतात. ‘आलो असतो, खरं सायकल पंक्चर झाली,’ असं. बाहेरगावच्या माणसाला पहिल्यांदा ऐकताना वाटतं, हा गृहस्थ आता काहीतरी सत्य सांगणार. तसं काही नसतं. ‘खरं’च्या पुढे येतं ते बहुतेक वेळा निमित्त असतं, आणि निमित्तांचा एवढा मोठा साठा शाहूपुरीत भूपाल मगदूमशिवाय दुसऱ्या कुणाकडे नव्हता.

भूपाल पाटबंधारे खात्यात कारकून होता. माणूस सरळ, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही, दिवस बुडायच्या आत जेवून हात धुणारा जैन. तरुणपणी तो तालमीत जाणार होता, खरं गुडघा दुखायला लागला. ओव्हरसियरच्या परीक्षेला बसणार होता, खरं नेमके त्याच आठवड्यात पाहुणे आले. गडमुडशिंगीला जागा घेणार होता, खरं तिथून ऑफिस लांब पडलं असतं. असं सगळं आयुष्य होता होता राहिलेलं, आणि त्याचं त्याला फारसं दुःखही नव्हतं.

दुःख होतं ते त्याच्या बायकोला, राजमतीला, आणि तेही एकाच गोष्टीचं. लग्न झाल्यावर भूपालने मोठ्या हौसेनं विचारलं होतं, तुला काय पाहिजे. त्याला वाटलं पाटल्या मागेल, फार तर इरकल लुगडं. ती म्हणाली, मला समुद्र बघायचाय. शिरोळकडची मुलगी, पंचगंगा आणि कृष्णा यांच्यापलीकडे पाणी म्हणून पाहिलेलं नव्हतं. ‘नेतो की,’ भूपाल म्हणाला. आणि पुढची वीसेक वर्षं तो ‘नेतो, खरं’ असं म्हणत राहिला. कधी रजा मिळाली नाही, कधी घाटात दरड कोसळली, कधी पोरीची परीक्षा आली. पुढे पोर रत्नागिरीच्या वाटेवर, मलकापूरला दिली. बारशाला दोघं तिथपर्यंत जाऊन आली. स्टँडवर रत्नागिरीची एस.टी. शेजारीच उभी होती. राजमतीनं तिच्या पाटीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. भूपाल म्हणाला, ‘गेलो असतो, खरं परतीची गाडी चुकंल.’ त्यानंतर तिनं समुद्राचं नाव काढलं नाही. भूपालला ते फार सोयीचं वाटलं.

या माणसाच्या हातून आयुष्यात एकच गोष्ट तडीस गेली, ती म्हणजे रशियन भाषा. तीही ओघाओघानं. पोरीच्या पुस्तकांना कव्हरं घालायला तो रद्दीच्या दुकानातून रशियन मासिकं आणायचा, कारण त्यांचा कागद गुळगुळीत आणि टिकाऊ. कव्हरं घालता घालता त्या उलट्यासुलट्या अक्षरांनी त्याला भुरळ घातली. गावात संध्याकाळी रशियनचा वर्ग निघाला, तो नेमका त्याच्या ऑफिससमोर. ‘खरं’ म्हणायला जागाच राहिली नाही. तो दोन परीक्षा पास झाला आणि गल्लीनं त्याला ‘कॉम्रेड’ करून टाकलं. जिवंत रशियन माणूस मात्र त्यानं कधी पाहिला नव्हता, त्यामुळे आपलं रशियन कसं आहे हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि गावातल्या दुसऱ्या कुणालाही नव्हतं. त्याची अब्रू शाबूत होती ती एवढ्या एका कारणानं.

ब्याऐंशीच्या थंडीत ती धोक्यात आली. आदल्याच वर्षी ‘भास्कर’ मालिकेतला दुसरा उपग्रह आकाशात गेला होता. बांधलेला आपल्या लोकांनी, सोडलेला रशियाच्या भूमीवरून, आणि काम वरून आपली जमीन न्याहाळायचं, समुद्राची ऊब नि त्यावरची वाफ मोजायचं. वरून आलेले आकडे बरोबर आहेत का, हे खाली पाण्यात तापमापी बुडवून बघावं लागतं. त्यासाठी अहमदाबादचे दोन शास्त्रज्ञ, एक दुभाषी आणि एक रशियन समुद्रतज्ज्ञ रत्नागिरीला निघाले होते. रेल्वे कोल्हापूरला संपते, पुढे जीप. जीप दुसऱ्या दिवशी येणार होती, म्हणून गावातल्या विज्ञान मंडळानं रशियन पाहुण्याचं व्याख्यान ठेवलं. दुभाष्यानं दुपारी हौसेनं मिसळ खाल्ली, वर दोनदा रस्सा मागून घेतला, आणि तो लॉजवर आडवा झाला.

मंडळाचे चिटणीस हंबीरराव भूपालच्या दारात येऊन उभे राहिले. हळू बोलणं हा प्रकार त्यांना माहीत नव्हता. ते म्हणाले, ‘कॉम्रेड, टोपी घाल आन् चल. रशियाचं पावणं आल्यात, त्यांचं मराठी तू करायचं.’

‘आलो असतो हंबीरराव, खरं...’ भूपालनं सुरुवात केली. निमित्त आठवायच्या आत राजमतीनं त्याच्यापुढे ताट ठेवलं, कारण दिवस बुडायला आला होता. तो जेवायला बसला, हाच हंबीररावांनी होकार धरला.

हॉल गच्च भरला होता. उपग्रहासाठी थोडे आले होते, बाकीचे गोरा माणूस बघायला आणि कॉम्रेडची फजिती बघायला. राजमती बायकांच्या रांगेत दुसरी बसली होती. पाहुण्यांचं नाव वादिम निकोलायेविच, हंबीररावांनी ओळख करून देताना वादीमराव करून टाकलेलं. माणूस धिप्पाड, लालबुंद आणि बोलायला एस.टी.सारखा, एकदा सुटला की थांबा येईपर्यंत थांबत नाही.

नमस्कार-चमत्कार भूपालनं झोकात पार पाडले. पुढे एक भलामोठा शब्द आला, सोत्रुद्निचेस्त्वो. हा त्याला येत होता. तो म्हणाला, ‘समुद्रावर नजर ठेवायला दोन देशांनी सहकार केलाय.’ सहकार म्हटल्यावर हॉल सावरून बसला. मागून एकानं विचारलं, चेअरमन कोण हाय? दुसऱ्यानं विचारलं, बिद्रीच्या साखर कारखान्यासारखा सभासदांना लाभांश मिळणार का? भूपालनं हे पाहुण्यांना कसंबसं सांगितलं. त्यांनी गंभीरपणे उत्तर दिलं की चेअरमन कुणी नाही, आणि जे आकडे मिळतील ते दोघांचे. बिनचेअरमनचा सहकार हॉलला काही पटला नाही.

मग वादीमराव रंगात आले आणि भूपालचा पाय घसरला. दहा शब्दांतले चार कळायचे, उरलेले सहा तो मनानं घालायचा. त्या भरात त्यानं उपग्रह दोनदा जमिनीवर उतरवला. कान लाल झाले, टोपीखाली घाम फुटला. आता सगळ्या गावाला कळणार की आपलं रशियन म्हणजे नुसतं पुस्तकाचं कव्हर आहे, असं त्याला वाटलं. एवढ्यात ओळखीचा शब्द कानावर पडला, प्रावदा. म्हणजे सत्य. पाहुणे म्हणत होते, उपग्रह सांगतो पाणी कोमट आहे, पण ते सत्य का? सत्य पाण्यात हात घातल्यावर कळतं. भूपालनं घाईघाईनं भाषांतर केलं.

‘उपग्रह सांगतोय पाणी कोमट हाय. पायजे ते समुद्राचं खरं.’

आणि तो थांबला. हॉलही थांबला. सगळा हॉल ‘खरं’च्या पुढचं ऐकायला मान पुढे करून बसला.

‘खरं काय?’ हंबीररावांनी पहिल्या रांगेतून विचारलं.

‘खरं म्हंजे खरं,’ भूपाल म्हणाला.

‘व्हय की. खरं पुढं काय?’

हॉल फुटला. माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारून हसायला लागली. वादीमराव गोंधळून कधी हॉलकडे, कधी भूपालकडे बघत होते. भूपालला वाटलं, तिथूनच चालत घरी जावं. तेव्हा बायकांच्या रांगेतून राजमती उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदाच ती चारचौघांत बोलली असेल. ‘अवो, सत्य म्हणा की,’ ती म्हणाली आणि खाली बसली.

बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, रोज ऐकलेला शब्द, आणि तो त्याला आठवला नव्हता. भूपालनं टोपी काढून घाम पुसला. मग वर्गात पहिल्या दिवशी शिकवलेलं एक वाक्य त्यानं पाहुण्यांना ऐकवलं, की मला समजत नाही, कृपा करून मेदलेन्नो, म्हणजे सावकाश बोला. हॉलला वाटलं, कॉम्रेडनं रशियाला दम भरला. टाळ्या पडल्या. त्यानंतर वादीमराव पॅसेंजर गाडीच्या चालीनं बोलले, आणि भूपालनं न कळलेलं पुन्हा विचारून, एकही शब्द पदरचा न घालता सगळं नीट पोचवलं.

सभा संपल्यावर पाहुण्यांनी त्याला बाजूला घेतलं. एवढं हसू कशाचं होतं, हे त्यांना कळायलाच हवं होतं. भूपालनं मोडक्यातोडक्या रशियनमध्ये समजावलं की आमच्या गावात ‘सत्य’ आणि ‘पण’ या दोन्हींना एकच शब्द आहे. वादीमराव डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. म्हणाले, मी तीस वर्षं समुद्र मोजतोय, दर सत्यामागे एक ‘पण’ येतोच, त्याला दोन शब्द लागत नाहीत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मग त्यांनी राजमतीकडे हात केला आणि सावकाश, एकेक शब्द वेगळा करत, काहीतरी सांगितलं.

राजमती जवळ येऊन उभी होती. ‘काय म्हणत्यात?’ तिनं विचारलं.

ते काय म्हणत होते, हे सबंध कोल्हापुरात एकट्या भूपालला कळलं होतं. दुभाषी अजून उठलेला नाही, उद्या तुम्ही रत्नागिरीला चला, असं ते म्हणत होते. आणि ज्या बाईंनी शब्द सुचवला त्यांनाही घेऊन या, होडीत जागा आहे. भूपालच्या डोक्यात सगळी निमित्तं एकदम उभी राहिली. रजा. लोक काय म्हणतील. मासेमारीची होडी, आणि आपण जैन. त्यानं नुसतं ‘आभार मानत्यात’ म्हटलं असतं तरी खपून गेलं असतं.

‘उद्या रत्नागिरीला चला म्हणत्यात,’ तो म्हणाला. ‘तुलाबी बोलवत्यात. खरं...’

राजमतीनं त्याला पुढे जाऊ दिलं नाही.

‘ह्ये ‘खरं’ त्यांचं हाय, का तुमचं?’

भूपालला मलकापूरचा स्टँड आठवला, पाटीकडे बघणारी ती आठवली, आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

‘माझं,’ तो म्हणाला.

‘मग ते मधी कशाला घालताय?’

दुसऱ्या दिवशी पहाटे जीप निघाली. राजमतीनं दिवस बुडेपर्यंत पुरेल एवढं जेवण डब्यात बांधून घेतलं होतं. मलकापूरला गाडी थांबली तेव्हा ती खाली उतरलीच नाही. खाली उतरलो तर नवरा परत गाडीत बसेल की नाही, याची तिला खात्री नव्हती.

बंदरावर होडीत पाय ठेवण्याआधी तिनं भूपालला नाखव्याला विचारायला लावलं की जाळं टाकणार का. आज माशांना सुट्टी, तो म्हणाला. तेव्हा ती चढली. माशांचा वास यायचा तो आलाच, तिनं नाकाला पदर लावला आणि तो वारा लागल्यावर काढून टाकला.

उपग्रह माथ्यावरून जायची वेळ झाली. वर काहीच दिसत नव्हतं, नुसतं ऊन. बादली समुद्रात सोडून पाणी वर घ्यायचं आणि त्यात तापमापी धरायची, एवढंच काम होतं. दुभाषी म्हणून आणलेला भूपाल होडीच्या कडेला वाकून, सकाळी खाल्लेलं सगळं समुद्राला परत देत होता. त्यामुळे तापमापी वादीमरावांनी धरली, आकडे अहमदाबादकरांनी उतरवले, आणि बादलीचा दोर राजमतीनं कमरेला पदर खोचून ओढला. दोन देशांचा सहकार चेअरमनवाचून सुरळीत चालला होता.

पहिली बादली वर आली तशी तिनं त्यात मनगटापर्यंत हात घातला. ओलं बोट जिभेला लावलं. मग मान वर करून पाणी संपतं तिथपर्यंत पाहिलं, आणि ते कुठंच संपत नव्हतं.

‘कसा हाय?’ भूपालनं कडेला लटकूनच विचारलं.

‘खरं,’ ती म्हणाली.

तो थांबला. अर्धं आयुष्य दुसऱ्याला थांबवून ठेवणारा माणूस, आता स्वतः पुढचं ऐकायला मान वर करून थांबला. ‘खरं काय?’

‘पुढं काय न्हाय,’ राजमती म्हणाली. ‘नुसतं खरं.’

तिचे डोळे भरून आले होते. बाई काय म्हणाल्या, असं वादीमरावांनी विचारलं. भूपालनं तोंड पुसलं.

‘प्रावदा,’ तो म्हणाला, आणि पुन्हा कडेला वाकला.