बदक खांबावरून उतरला

त्याला सगळे बदक म्हणायचे, आणि त्यात म्हणणाऱ्यांचाही फारसा दोष नव्हता. जलद चालण्याच्या शर्यतीत माणूस पळत नाही, पण चालतो म्हणावं तर तसं चालणारं कुणी रस्त्यावर दिसत नाही. कंबर इकडून तिकडे फेकत, कोपरं मागे मारत, गुडघे ताठ ठेवून चाललेला माणूस बघितला की भल्याभल्यांना हसू आवरत नाही. हा गडी त्या शर्यतीत देशाकडून उतरला होता. पदकंही मिळाली होती. पण चालणाऱ्याचं पदक कोण बघतो? पळणाऱ्याचे फोटो छापून येतात आणि चालणाऱ्याला लोक विचारतात, "एवढी घाई होती तर पळाला का नाहीत?"

या शर्यतीचा मुख्य नियम असा, की एक ना एक पाय कायम जमिनीला लागलेला हवा. दोन्ही सुटले की ते पळणं झालं. खऱ्या शर्यतीत रस्त्याच्या कडेला पंच डोळ्यांत तेल घालून उभे असतात, पण क्लबातल्या सरावाला पंच कुठून आणायचे? त्यांचा प्रशिक्षक म्हणजे बूट दुरुस्त करणारा एक खडूस म्हातारा. त्यानं शिस्तच लावून दिली होती. पाय सुटला असं ज्याचं त्याला जाणवलं, की त्यानं स्वतःच "उचलला!" म्हणून ओरडायचं आणि फेरीच्या सुरुवातीला परत जायचं. कुणी बघितलं की नाही, हा प्रश्नच नाही. बाकीच्यांनी हळूहळू ओरडणं सोडून दिलं. बदकानं सोडलं नाही. कडाक्याच्या थंडीत तोंडातून वाफा निघताहेत, बाकीचे घरी निघालेत, आणि हा आपला "उचलला!" म्हणून मागं वळतोय. त्याची बायको तेव्हा क्लबात फेऱ्या मोजायला बसायची. हा माणूस आपल्याला कधी फसवणार नाही, असं तिच्या मनानं घेतलं आणि तिनं त्याच्याशी लग्न केलं. तिचा अंदाज बरोबरच होता. त्या अंदाजापायी पुढं काय वाढून ठेवलंय, एवढंच तिला दिसलं नाही.

खेळ संपल्यावर तो एका गोदामात लागला. दिवसभर ट्रॉली ढकलत रॅकमधून चालायचं आणि साहेबांकडून "जरा पाय उचला" हे ऐकून घ्यायचं. बायको गोठवलेल्या भाज्यांच्या कारखान्यात होती. तिथल्या थंड खोलीत सरकत्या पट्ट्यावरून मटार यायचे आणि त्यातले खराब दाणे बाजूला काढायचे. हातमोजे असायचे, पण जाड मोज्यांनी दाणा उचलता येत नाही आणि पातळ मोज्यांना थंडी जुमानत नाही. तिची बोटं आधी पांढरी पडू लागली, मग जांभळी. घरी आल्यावर त्यांची अशी आग व्हायची की ती बोटं काखेत दाबून भिंतीकडे तोंड करून बसायची. डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं, "हे काम सोडा. नाहीतर बोटं कापायची पाळी येईल." सोडा म्हणायला त्यांचं काय जातं! रोज सकाळी तिच्या कोटाची बटणं तोच लावून द्यायचा, कारण तिच्या बोटांना ती सापडत नसत. त्याबद्दल दोघं एक अक्षर बोलत नसत.

म्हणून तो टीव्हीच्या त्या कार्यक्रमात गेला. बेटावर नेऊन सोडतात, उपाशी ठेवतात, भांडणं लावतात, एकमेकांविरुद्ध मतं द्यायला लावून एकेकाला घरी पाठवतात आणि शेवटी जो टिकतो त्याला बक्षीस देतात, तो कार्यक्रम. त्यांना हसायला एक जुना खेळाडू हवा होता. बदकाला बायको थंड खोलीतून बाहेर काढायची होती, आणि त्या बक्षिसात ते होण्यासारखं होतं. दुसरं कसलंही कारण नव्हतं. नावाचा सोस त्याला कधी नव्हताच.

बेटावर पोटात कावळे ओरडायला लागले तसे लोकांचे मुखवटे गळून पडले. मालिकेत आदर्श पतीचं काम करणारा एक नट होता. त्याला सगळे 'नवरोबा' म्हणायचे. हा नवरोबा कॅमेरावाल्यांशी गोड बोलून त्यांच्या डब्यातली बिस्किटं मिळवायचा आणि झुडपात बसून खायचा. इतरांनीही खाल्ली. बदकासमोर पुडा आला तेव्हा तो म्हणाला, "नियमात बसत नाही," आणि उकडलेल्या पानांकडे वळला. तो काही संत नव्हता. बिस्किटाकडे बघून त्याच्या तोंडाला पाणी सुटलं होतं आणि वर नवरोबाचा रागही आला होता. पण चोरून खाणं त्याला जमतच नव्हतं, जसं काहींना शिट्टी वाजवणं जमत नाही. ज्याच्याविरुद्ध मत द्यायचं त्याला तो आधी जाऊन सांगायचा, "उद्या मी तुझं नाव लिहिणार आहे." लोक त्याला वेड्यात काढायचे. पण सामना आला की तोच टिकायचा, कारण तासन्‌तास त्रास सोसणं हा तर त्याचा धंदाच होता.

शेवटी उरले दोघं, तो आणि नवरोबा. पाण्यात दोन खांब रोवले होते. खांबाला पाऊल मावेल एवढीशी फळी. तिच्यावर अनवाणी उभं राहायचं आणि डोक्यावरच्या लाकडी चकतीला तळहात टेकवून ठेवायचा. तळहात सुटला की हरला.

ऊन चढलं, उतरलं. नवरोबाचे गुडघे लटपटायला लागले. तो आधी रडला, मग आईच्या नावानं कण्हायला लागला. सगळे कॅमेरे त्याच्याकडे वळले. शिट्टी घेऊन बसलेला पंचही त्याच्याकडेच बघत होता. आता तो पडतोय की मग पडतोय, एवढाच प्रश्न उरला होता. आणि नेमका तेव्हाच बदकाच्या खांद्यात गोळा आला. तळहात चकतीपासून सुटला. कागद सरकवता आला असता, तेवढाच. लगेच परत टेकलाही.

"उचलला!"

डोक्याला कळायच्या आत तोंडातून शब्द गेला होता. दुसऱ्या कुणी असा गाढवपणा केला नसता, कुणाला जमलाच नसता. वर्षानुवर्षं थंडीत मागं वळून वळून जी जीभ तयार झाली होती, तिनं मालकाला विचारलंच नाही.

कार्यक्रमाची दिग्दर्शिका पाण्यातून धावत आली. "आम्हाला काही दिसलं नाही. कॅमेऱ्यातही नाही. तुम्ही उभे राहा!"

खरं तर इथं त्याला वाट होती. जिभेनं घात केला होता, पण डोकं अजून शाबूत होतं. त्याला पट्टा आठवला, मटार आठवले, काखेत दाबलेली बोटं आठवली. मग त्यानं तळहात चकतीवरून खाली घेतला.

"पण सुटला होता," तो म्हणाला आणि पाण्यात उतरला. त्याच्या मागोमाग नवरोबा कोसळला, तो विजेता म्हणून.

घरी परतताना त्याच्याकडून सही घेतली होती. कार्यक्रम दाखवला जाईपर्यंत निकाल घरच्यांनाही सांगायचा नाही. कोण पाळतं असल्या सह्या? नवरोबानं तर त्याच आठवड्यात नवी गाडी घेतली. बदकानं पाळली.

बायको त्याचं तोंड न्याहाळायची. तो गप्प. तिनं आपल्या परीनं हिशेब मांडला, की हरलेला माणूस रडून मोकळा होतो. लपवावं लागतं ते जिंकलेल्याला. तिच्या चालण्यात जोर आला. एका संध्याकाळी ती हसतच घरात शिरली.

"आज मुकादम काय म्हणाला माहितीये? लेबलं चिकटवायच्या टेबलावर जागा झालीये. थंड खोलीच्या दाराबाहेर, उबेत. म्हणाला, तुमची बोटं बघवत नाहीत, तुम्ही घ्या."

"मग?"

"मग काय! म्हटलं, त्या नव्या पोरीला द्या, तिचं पोट पुढं आलंय. मी कुठं आता फार दिवस असणारे इथं?" आणि तिनं त्याच्याकडे बघून डोळे मिचकावले.

ती मोरीत हात धूत होती, तेवढ्यात सांगता आलं असतं. जागा दुसऱ्या दिवशी भरायची होती. पण सही केली होती. त्यानं पाण्याचा तांब्या तिच्यापुढं ठेवला.

शेवटचा भाग दाखवला त्या संध्याकाळी खालच्या दुकानातला चावीवालाही बघायला आला होता. पडद्यावर खांब दिसले, नवरोबाचे अश्रू दिसले. मग उदास संगीत सुरू झालं आणि बदक मान खाली घालून पाण्यात उतरला. "उचलला" नाही, दिग्दर्शिका नाही, काही नाही. खाली अक्षरं आली : अखेर थकवा जिंकला. ज्याला पंचानं पकडलं नाही त्यानं स्वतःला पकडलं, हे दाखवलं तर पंचाची शोभा झाली असती.

"थकलात हो," चावीवाला म्हणाला. "कुणीही थकलं असतं." आणि चपला शोधत निघून गेला.

बायकोनं टीव्ही बंद केला. मग त्याच्याजवळ येऊन बसली आणि तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "जाऊ दे. तुझ्यात होतं तेवढं सगळं दिलंस ना? मग झालं तर."

फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसणं त्याला जमतं, हे एव्हाना सिद्ध झालं होतं. पण पाठीवरचा तो हात त्याला सोसवेना.

"मी थकलो नव्हतो," तो म्हणाला, आणि त्यानं सगळं सांगितलं.

संपल्यावर तिनं विचारलं, "तो पडायला आला होता?"

"हो."

"आणि तुझा हात कुणी बघितला नव्हता."

"नाही."

"तिथं तू काय केलंस त्याचं मला नवल नाही. मी तुझ्या फेऱ्या मोजल्यात." तिचा हात आता त्याच्या पाठीवर नव्हता. "पण मी टेबलाचं सांगत आले, तेव्हा तुला ठाऊक होतं."

"सही केली होती मी."

"केली होतीस. तेव्हा एक शब्द बोलला असतास तर आज मी दाराबाहेर असते. तेव्हा तुझं तोंड शिवलेलं. आणि आज, ज्याचा मला काडीचा उपयोग नाही, ते माझ्या पदरात टाकलंस. मला निदान वाटत होतं की तुला झेपलं नाही." तिनं त्याच्याकडे सरळ बघितलं. "सांगून हलकं वाटलं?"

नाही म्हणायला हवं होतं. त्या घडीला तेवढं एक खोटं तिला हवं होतं, आणि ते त्यालाही कळलं होतं.

"हो," तो म्हणाला. "थोडं वाटलं."

ती उठली आणि सकाळच्या पाळीचे कपडे काढून ठेवायला आत गेली.