पहिल्या ट्रॅकवरची शिट्टी

देवळात शिट्टी वाजवणाऱ्या माणसाला तुम्ही काय शिक्षा द्याल? जरा जपून सांगा, कारण तो माणूस मीच आहे. आणि शिट्टी थोडीथोडकी नव्हे, सात मिनिटांची!

गंगाखेडला आमच्या देवळात दिवंगत महाराजांच्या कीर्तनाचे एकच रीळ आहे. त्यात चार ट्रॅक आहेत: पहिल्यावर महाराजांचा आवाज, दुसऱ्यावर मृदंग, तिसऱ्यावर टाळकरी, चौथ्यावर श्रोते. पुण्यतिथीला ते लावायचे, हा नेम. त्या वर्षी मात्र यंत्र बिघडले. आवाज कधी दबे, कधी फाटे. पुण्यतिथी तर उद्यावर आलेली! जुळणी करायला पेडगावचा ज्ञानोबा मेकॅनिक आला.

मी निवृत्त मुख्याध्यापक. त्याला चपला बाहेर काढायला लावल्या, हातपाय धुवायला लावले, वर तंबाखूच्या दुष्परिणामांवर दहा मिनिटे ऐकवले.

"सर, आवाजाचे काटे जुळवायचे तर कोऱ्या रिळावर यंत्राची एकसुरी शिट्टी भरावी लागती," तो म्हणाला. "एकेका ट्रॅकवर. कोरं चढवून ठिवलंय. गाडीतून बारका पेचकस आणतो. तवर हात लावू नका बरं!"

देवळात शिट्टी? आणि तीही आरंभालाच? मनाला पटेना. पहिला मान महाराजांच्या वाणीचा! मी कोरे रीळ उतरवले, महाराजांचे चढवले आणि अकरा वेळा नाम घेऊन कळ दाबावी म्हणून डोळे मिटले.

ज्ञानोबा परतला. ध्यानस्थ माणसाशी बोलतो कोण? त्याने मुकाट्याने रेकॉर्डची कळ दाबली.

टूंऽऽऽ!

ही आपल्या एकाग्रतेची परीक्षा आहे, असे मी मानले. मी काय डगमगणार? अकराच्या जागी एकशे आठ वेळा नाम घेतले!

"झाला बघा पैला ट्रॅक. काटा कसा सरळ हुबा हाय!"

मी डोळे उघडले. "ज्ञानोबा, हे रीळ कोरे नाही."

"मंग कोणाचं हाय?"

"महाराजांचे."

त्याने रिळाकडे पाहिले, मग माझ्याकडे. "मला चपला बाहेर काढाय लावल्या सर, अन् तुमी अक्कल बाहेर काढून आलात व्हय?"

तीस वर्षांच्या नोकरीत मला असे कोणी बोलले नव्हते.

देवळाचे वृद्ध पंच आप्पा यांनी निकाल दिला. "मृदंग हाय, टाळ हायेत, माणसं हायेत. पैली सात मिन्टं न्हाईत ते फक्त महाराज. शिट्टी बंद ठिवा अन् तेवढा येळ सर, तुमी हुबं ऱ्हाऊन बोला. दरसाल!"

दुसऱ्या दिवशी मी उभा राहिलो. विषय निवडला, अहंकार. पण महाराज आरंभीच लोकांना हसवीत, आणि चौथा ट्रॅक धडधाकट होता! मी गंभीरपणे म्हणालो, "माणसाने नम्र असावे." रिळातले श्रोते खो खो हसले. "मी स्वतः आजन्म नम्र राहिलो आहे." आता तर टाळ्या पडल्या! ते ऐकून समोर बसलेलेही हसत सुटले.

तेव्हापासून दर पुण्यतिथीला सात मिनिटे मी उपदेश करतो आणि रिळातली, केव्हाच निवर्तलेली माणसे मला हसतात. त्यांत सर्वांत मोठ्याने हसतात, ते माझे वडील.