फॅक्टरीला जाणारी घोडी

आयर्लंडमधल्या ॲथलोनला आमच्या शेजारी राहणारा अंबरीश मूळचा नागपूरचा. वैद्यकीय उपकरणांच्या फॅक्टरीत इंजिनियर. आवाज मोठा, मन हळवं. घरामागे थोडं कुरण मिळालं आणि त्याच्या डोक्यात आयरिश ड्राफ्ट शिरला. हा इथला पूर्वीचा नांगराचा, गाडीचा घोडा: रुंद छाती, जाड हाड, स्वभाव गरीब.

"जनावर वाचून कळत नाही, वहिनी. चला पाहायला," म्हणत त्याने बायकोबरोबर, भार्गवीबरोबर, मलाही टायर्नी नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे नेलं.

टायर्नींनी एक तरणा घोडा दाखवला. अंबरीशचे डोळे मात्र शेजारच्या करड्या घोडीवर.

"ही नाही विकायची?"

"ती सोमवारी फॅक्टरीला जाणार."

"अरे वा, मीही! कुठली शिफ्ट हिची?"

कुणी हसलं नाही. टायर्नी दुसरीकडे बघू लागले. भार्गवीने त्याला कोपराने ढोसलं. "गप्प बस रे. इथले शेतकरी कत्तलखान्याला फॅक्टरी म्हणतात."

अंबरीशचा चेहरा खर्रकन उतरला. "मग मी नेतो हिला. काम नको, नुसती चरू दे."

"आधी पुढचा पाय बघ," टायर्नी म्हणाले.

तो वाकला. ताटलीएवढा खूर, आणि त्याच्यावर पाय तव्यासारखा तापलेला. घोडी मात्र मुकाट गवत चघळत होती.

"दुखतंय, तर दाखवत का नाही?"

"ही जात दाखवत नाही. ओढत राहते. पण एवढं वजन तीन पायांवर कसं पेलणार? डॉक्टरांनी हात टेकलेत."

"नेऊन तुला बरं वाटेल रे," भार्गवी हळूच म्हणाली. "तिचं काय?"

त्याने घोडीच्या मानेवर हात ठेवला. "निदान ट्रकमधून नका पाठवू. डॉक्टरांनाच इथे बोलवा, सुईने शांत जाऊ दे."

"मला बघवणार नाही," टायर्नी म्हणाले. "म्हणून तर ट्रक सांगितला."

"तुम्ही घरात बसा. दोर मी धरतो."

सोमवारी त्याने रजा टाकली. मीही भार्गवीबरोबर गेले. सुई टोचेपर्यंत तो घोडीशी वऱ्हाडीत बोलत होता, "भिऊ नको माय, मी हावो ना." ती खाली बसली, आडवी झाली, तरी दोर त्याच्या हातातच.

टायर्नी बऱ्याच वेळाने बाहेर आले. गुडघे टेकून तिच्या आयाळीत अडकलेल्या काड्या एकेक करून काढत राहिले. अंबरीशही खाली बसला आणि काढू लागला.