उस्मानभाई आणि माझे चौथे पत्र

उस्मानभाईंच्या उजव्या करंगळीचे टोक पांढरेफटक पडलेले होते. गोठवलेल्या मांसाचा कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप ते यंत्राच्या पात्यावरून त्याच करंगळीने उचलीत. मी हळहळलो, तर म्हणाले, "मरेल बोट शे, तात्यासाहेब. त्याले हीव वाजत नही. बिनपगारी नोकर शे तो!"

नंदुरबारच्या एका धर्मादाय रुग्णालयात ते प्रयोगशाळा सांभाळीत. घराणे सोडावॉटरवाल्यांचे, सोड्याचाच वायू सिलिंडरमधून यंत्रावर सोडून ते गाठीचा तुकडा क्षणात दगडासारखा गोठवीत. रोगी शस्त्रक्रियेच्या टेबलावर असतानाच डॉक्टर तो काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहून गाठ साधी की कर्करोगाची, हे ठरवीत. माझ्या पत्नीच्या वेळी मी दाराशी उभा राहून, ही तपासणी कोणत्या अधिकारात चालते, असे विचारीत होतो. "दम धरा. आधी गाठ, तुमना कायदा मांगून," ते म्हणाले. थोड्या वेळाने तेच चिठ्ठी घेऊन आले. "साधी गाठ शे. भाभी घर येतीन."

त्या माणसाचे रक्षण करणे मी माझे कर्तव्य मानले. सिलिंडर ओसरीवर, भर उन्हात, लोकांच्या वावरात उभा असे. हे नियमबाह्य होते. मी व्यवस्थापनाला एकामागून एक तीन पत्रे लिहिली. उस्मानभाई हात जोडून म्हणाले, "ऱ्हाऊ द्या ना तठेच. वारा लागस. गॅस फुटना तर उडी जास."

"नियम तो नियम, उस्मानभाई."

"नियमले श्वास लेवानं काम पडत नही. माले पडस."

मी हसलो आणि चौथे पत्र टाकले. त्यात 'बंदिस्त व कुलूपबंद जागा' असे शब्द योजले. यश आले. औषधांच्या बिनखिडकीच्या कोठीत सिलिंडर गेला. नळी आखूड, म्हणून यंत्रही गेले आणि उस्मानभाईही. मी आभाराचे पत्र धाडले.

तीन आठवड्यांनी, दुपारी, शस्त्रक्रियेच्या टेबलावर रोगी आणि हातात सुरी घेतलेले डॉक्टर चिठ्ठीची वाट पाहत राहिले. कोठीत नळीचा जोड सुटला होता. तो वायू जड, जमिनीलगत साचतो. जोड आवळायला उस्मानभाई वाकले, ते उठले नाहीत. पाना मुठीत तसाच होता.

मी संतापाने पेटलो. दोषी कोण, हे लेखी कळवा, अशी मागणी केली. सिलिंडर कोठीत हलवण्याच्या आदेशाची नक्कल आली. शिरोभागी संदर्भ म्हणून माझेच चौथे पत्र, आणि खाली माझेच शब्द, अवतरणचिन्हांत.

माझा जबाब घ्यावा, मला आरोपी करावे, असा अर्ज मी व्यवस्थापनाकडे केला. उत्तर आले: आपल्या तक्रारीचे निवारण यापूर्वीच झालेले असल्याने प्रकरण दप्तरी दाखल करण्यात आले आहे.

ते उत्तर मी आजवर असंख्य वेळा तपासले. नियमाला सोडून त्यात एक अक्षरही नाही.