उघडं दार

आज मी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवतो, ते सुमनबाई राजूरकरांमुळे. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. बिलोलीकडून परराज्यातल्या शहरात, जामबागच्या कॉलेजात आलो तेव्हा वर्गातलं इंग्रजी डोक्यावरून जायचं. बाई दिलसुखनगरच्या घरी बोलावून सगळं मराठीतून पुन्हा शिकवायच्या, वर जेवू घालायच्या.

"काल उरला नाही, उद्या आला नाही," जुन्या विचारवंतांचं कोडं त्या घालायच्या, "मग मधला 'आता' उभा कुठे आहे?"

"बाई, परीक्षेत काय लिहू?"

"दोन्ही बाजू लिही, पास हो. मग जन्मभर डोकं खाजव."

मी येण्याच्या बऱ्याच आधी बाईंचे यजमान एका सकाळी "सुलतान बाजारातून येतो" म्हणून गेले, ते परतले नाहीत. पोलीस, दवाखाने, सगळं झालं. तेव्हापासून घराला कुलूप नाही. कॉलेजला जाताना बाई शेजारच्या फातिमाआपांना घरात बसवून जायच्या.

एकदा आपा धावत आल्या. "बाजी, मेरे भाई परसों देखे ना साब को, कोठी के बाजार में!" बाई अनवाणीच ऑटोत बसल्या. भावाला विचारलं, तर पाहिल्याला दोन वर्षं होऊन गेलेली.

"या गावात परसों म्हणजे मागचा कुठलाही दिवस," पाय धुता धुता बाई म्हणाल्या. "मला ठाऊक नव्हतं का? तरी पळालेच."

पुढे दीर गुरुजींना घेऊन आले. "बारा वर्षं उलटली, वहिनी. विधी करून टाकू."

"श्राद्धाला तिथी कुठली धरणार?"

"घर सोडलं ती," गुरुजी म्हणाले. "शास्त्रात सोय आहे."

"शास्त्रात असेल हो. माझ्यात नाही." चहा मात्र दोघांना आग्रहाने दिला.

आपा लेकीकडे राहायला गेल्या आणि निवृत्त झालेल्या बाई गल्लीपलीकडे जाईनात. आता काचबिंदूने कडेचं दिसेनासं झालंय. पुण्याची डॉक्टर भाची ऑपरेशनला बोलावते, उशीर केला तर नजर जाईल म्हणते. बाईंचं एकच, "ते आले आणि दाराला कुलूप दिसलं तर?" फोनवर मी विषय काढला की जेवलास का विचारतात. म्हणून परवा पत्र टाकलं.

"बाई, सा. न. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. भाचीला होकार कळवा. कॉलेजला सुट्टी लागतेय, तुम्ही परत येईपर्यंत मी तुमच्या घरी राहीन. पुढच्या खोलीतच झोपेन. सर आले तर त्यांना जेवायला वाढेन आणि तुम्हाला फोन लावून त्यांच्या हातात देईन. जाण्याआधी त्यांचा एक फोटो तेवढा बाहेर काढून ठेवा. मी त्यांना कधी पाहिलेलं नाही.

तुमचा, दत्ता."