वळणावरचा जबाब

पोलिसाची नोकरी सोडून फौजेत गेलेल्या माणसाला आमच्या बीड जिल्ह्यात वेडाच समजतात. मी तो वेडेपणा केला. मांजरसुंब्याच्या चौकात शिट्टी फुंकून आणि ट्रकवाल्यांवर खेकसून जीव विटला होता. म्हटलं, बंदूक हातात घेऊ, देशाचं रक्षण करू. फौजेत साहेबांनी आधीचा अनुभव विचारला. मी छाती फुगवून सांगितलं, "वाहतूक नियंत्रण." तिथंच माती खाल्ली.

सीमेवर लढाई पेटली तेव्हा पलटण डोंगरावर चढली आणि मला खाली घाटातल्या एका वळणावर उभं केलं. हातात झेंडी, तोंडात शिट्टी. समोरच्या शिखरावरून शत्रूला ते वळण स्पष्ट दिसायचं, म्हणून एकेक गाडी झटकन पलीकडं काढायची. हे माझं युद्ध. तोफांच्या आवाजात माझी शिट्टी मलाही ऐकू यायची नाही. तरी मी फुंकत राहायचो, कारण तसा हुकूम होता.

एका दुपारी दारूगोळ्याचा ट्रक आला आणि बरोब्बर वळणाच्या मध्यात थांबला. मी झेंडी नाचवत धावलो. खिडकीतून जवानाचं डोकं बाहेर आलं.

"मांजरसुंब्याला तुमीच व्हता ना?"

"गाडी काढ बे! मरायचंय का?"

"मी सिरसाळ्याचा. ऊसतोड्यांना घेऊन चाललतो. मागचा लाईट बंद म्हनून तुमी केस केली. मालकानं हाकललं, म्हनून फौजेत आलो. बापानं तवापासून बोलनं टाकलंय. म्हनतो, तीस मानसं अंधारात मारायला निघालतास." त्यानं चक्क इंजिन बंद केलं. "लाईट चालू व्हता का न्हाई, सांगा."

वर कड्यावर गोळे फुटत होते, मागं ट्रकांची रांग लागली होती आणि हा पठ्ठ्या माझा जबाब घेत होता. त्याच्या गाडीवर एक गोळा पडला असता तर सगळेच गेलो असतो.

लाईट चालू होता. मला चांगलं आठवत होतं. दिवेलागणीची वेळ होती, मी हात केला तेव्हा तो हसला. एवढंच. माझं डोकं फिरलं आणि मी सुचेल ते लिहिलं.

"चालू होता!" मी ओरडलो. "खोटं लिहिलं मी! जा आता!"

"बापाला सांगनार?"

"सांगतो!"

"शपथ घ्या."

मी वळणावर उभा राहून गळ्याला चिमटा धरून आईची शपथ घेतली. मग कुठं त्यानं किल्ली फिरवली. तो पलीकडं गेला आणि थोड्याच वेळात वळणावर गोळा पडला. मी नालीत आडवा होतो म्हणून वाचलो. पुढं त्या कामगिरीबद्दल मला शाबासकीचं पत्र मिळालं. त्यात 'असामान्य धैर्य' असे शब्द होते. ते वाचून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लढाई थांबल्यावर आम्ही दोघं रजा जुळवून सिरसाळ्याला गेलो. त्याचा बाप दारात शेळ्यांना पाला टाकत होता. मी वर्दीत, सावधान उभा राहून सगळं सांगितलं. लाईट, हसणं, माझा खोटेपणा, काहीच लपवलं नाही. म्हाताऱ्यानं दोन कानाखाली द्याव्यात असं मनापासून वाटत होतं. त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. हातातला पाला संपेपर्यंत टाकत राहिला. मग हात झटकले आणि पोराकडं वळला.

"सायबाला पानी आन की रं. कवाचं हुबं हायेत."

चार वर्षांत तो पोराशी बोललेला हा पहिला शब्द.

तोफांच्या माऱ्यात इंजिन बंद करून बसणारा तो गडी धडपडत आत पळाला आणि रिकामाच तांब्या घेऊन बाहेर आला. मी तो दोन्ही हातांनी घेतला, तोंडाला लावला आणि पोटभर प्यायल्यासारखं केलं.