नवरीच्या गाद्या आणि माझे हुक

"मिस्त्री, माहा एकबी शब्द समजून नाही राह्यला," सुजाता माइकवरून म्हणाली. तिचे ते वाक्यही पत्र्यावर आपटून परत आले.

शेलूबाजारच्या त्या क्लबातला पहिला कार्यक्रम सुरू व्हायला दोन तास होते. क्लब म्हणजे रशीदभाईंच्या गाद्यांच्या दुकानामागचे पत्र्याचे गोदाम. आज जिल्ह्यात रॉक वाजवणारी बहुतेक मंडळी तिथूनच निघाली. त्या गोदामाचा आवाज पुण्याच्या इंजिनियरने सुधारला, असे क्लबच्या स्मरणिकेत छापले आहे. ते असत्य आहे. त्या दिवशी साउंड माझा होता. इंजिनियर दोन वर्षांनी आला.

सकाळी साउंड चेक, म्हणजे वाद्यांची आणि माइकची पातळी जुळवणे, उत्तम झाला होता. मी जेवून आलो तो एको. आवाज कठीण भिंतीवर आदळून उशिरा परततो, त्याला एको म्हणतात. त्यात गिटार तग धरते, शब्द बुडतात. सुजाताची सारी मदार शब्दांवर होती. गाणी तिची स्वतःची होती. एसटीत कंडक्टर असलेल्या तिच्या वडिलांनी एकच कार्यक्रम ऐकायचे कबूल केले होते: शब्द समजले तर बँड, नाही तर डी.एड.

मी माइक बदलला, मिक्सर नव्याने लावला. फरक शून्य. मग भिंतींकडे पाहिले. सकाळी तिथे छतापर्यंत सोयाबीनची पोती होती. आता उघडा पत्रा.

"रशीदभाई, पोती कुठं गेली?"

"व्यापाऱ्याचा माल होता. भाव चढला, ट्रक भरून नेला. तुमाले पोत्याचं काय काम?"

"आवाज तीच पोती शोषत होती!"

"मंग सकाळीच सांगाचं ना भाऊ! मी म्हनलो, मिस्त्रीचं मशीनच भारी हाय."

मीही तसेच समजत होतो. हे मी लपवत नाही.

दुकानात एका लग्नाच्या ऑर्डरीच्या गाद्या तयार होत्या. मी त्यांच्याकडे पाहिले. रशीदभाईंनी माझ्याकडे पाहिले.

"नवरीच्या गाद्या हायेत त्या. डाग पडला तं मले बाजारात तोंड दाखवता येनार नाही."

"जुन्या चादरींत गुंडाळून टांगतो."

"डाग पडला तं तुमालेच गादीत भरून शिवतो."

चादरींच्या कोपऱ्यांना नाडे मात्र त्यांनीच शिवले. मी भिंतीच्या लाकडी पट्ट्यांत हुक ठोकले. सुजाताने एक ओळ म्हटली. ती परत आली नाही.

तिचे वडील शेवटच्या रांगेत बसले. एका गाण्यात घरातही तिकीट फाडल्यासारखा बोलणारा बाप होता.

"समजलं, बाबा?" तिने नंतर विचारले.

"सारं समजलं. मी घरी असा बोलतो काय?"

"असेच बोलता."

"मंग पुढच्या गान्यात जरा सुधरव मले."

डी.एड.चा फॉर्म भरला गेला नाही. गाद्या दुसऱ्या दिवशी बिनडाग नवरीकडे पोहोचल्या.

इंजिनियरने लावलेला फोम आजही तिथे आहे. काम चांगले आहे. माझा आक्षेप नाही. फक्त तो माझ्या हुकांवर टांगलेला आहे. आणि साउंड चेक करणाऱ्याने आधी विचारावे, की भिंतीला लागलेला माल कोणाचा आहे.